खिडकीतल्या वानखडेबाई

वानखडेबाई कॉलेजात कुणाला फारशा आवडत नसत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माणूस निवृत्त झाला की त्याच्याबद्दल सगळे गोडच बोलायला लागतात, आणि बाईंना ते खपलं नसतं. मुलं त्यांना पाठीमागे ‘चौकी’ म्हणत. ‘चौकीत जाऊन आलो’ म्हणजे ऑफिसच्या खिडकीवर जाऊन आलो. प्राध्यापक मंडळी त्यांच्याकडे काम निघालं की एकमेकांना पुढं ढकलत. मी स्वतः पहिली दोन वर्षं त्यांना घाबरूनच होते.

बुलढाण्यातल्या आमच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवायला लागले, त्या दिवशी रुजू झाल्याचा अर्ज घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी अर्ज पाहिला, जोडलेली सर्टिफिकेटं पाहिली आणि सगळा गठ्ठा परत माझ्याकडे सरकवला.

“अर्जावर एक नाव, सर्टिफिकेटावर दुसरं. तुम्ही एक बाई हा का दोन?”

“लग्नाआधीचं नाव आहे ते,” मी म्हणाले.

“ते मले समजलं. कागदाले नाही समजत. राजपत्रात नाव बदलून आना.”

मला भयंकर राग आला होता. राजपत्रासाठी दोन महिने चकरा झाल्या. पुढं काही वर्षांनी एका शाळेच्या मुलाखतीत माझ्या आधीच्या दोघी नावाच्या घोळापायी कागदपत्र तपासणीतच परत गेल्या, तेव्हा बाईंची आठवण झाली. त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, “बरं झालं,” आणि पुढचा फॉर्म हातात घेतला.

सकाळी साडेदहाला त्या यायच्या. पर्समधला मोबाईल काढून टेबलाच्या खणात टाकायच्या, तो पाचपर्यंत बाहेर निघत नसे. मग ओलं फडकं घेऊन खिडकीची फरशी स्वतः पुसायच्या. शिपाई होता, पण हे काम त्याला देत नसत. “पोरं रांगेत उभी राहून घामेजतात, हात फरशीवर टेकवतात, अन् मंग त्याच फरशीवर फॉर्म ठेवतात. शाई पसरते,” एवढंच त्यांचं कारण. खिडकीच्या आतल्या बाजूला पाण्याचा माठ होता. खेड्यावरून आलेलं, धापा टाकत बोलणारं पोरगं दिसलं की त्या ऐकूनच घेत नसत. “आधी पानी पी. मंग सांग.” कुणाच्या आईवडिलांचा अंगठा घ्यायचा असला की नंतर शाई पुसायला खोबरेल तेलाची एक बाटली असायची. खिडकीवरून हात काळा करून कुणाला परत पाठवू नये, असं त्यांना वाटायचं. तसं त्या कधी बोलल्या नाहीत. मी पाहिलं, म्हणून सांगते.

आणि त्यांचं ते वाचायला लावणं. कॉलेजात त्या ओळखल्या जायच्या त्या त्यामुळंच. कुठलाही फॉर्म असो, परीक्षेचा, शिष्यवृत्तीचा, दाखल्याचा, शिक्का मारण्याआधी बाई तो फिरवून मुलासमोर धरायच्या.

“वाच.”

“काय मॅडम?”

“तुयं नाव. मोठ्यानं. आता बापाचं. आता मायचं. आता आडनावाचं स्पेलिंग.”

मागं पन्नास पोरांची रांग, आणि मुली लाजून अर्ध्या होत. एकदा एका पोरानं वाद घातला. “मॅडम, माझं नाव मले माहीत नाही का?”

“नाव तुले माहीत आहे बाप्पा. तू लिवलं काय, ते तुले माहीत नाही. वाच.”

त्यानं वाचलं, आणि मध्येच थांबला. वडिलांच्या रकान्यात त्यानं आईचं नाव लिहिलं होतं. रांग हसली. बाई हसल्या नाहीत. नवा फॉर्म दिला आणि म्हणाल्या, “एक अक्षर चुकलं तं तहसीलच्या चकरा मारता मारता म्हतारा होशील.”

त्यांचे यजमान याच ऑफिसात लिपिक होते हे मला शिपायाकडून कळलं. ते ऐन पस्तिशीत गेले आणि बाई अनुकंपेवर त्यांच्याच टेबलावर आल्या. बाई स्वतः याबद्दल माझ्याशी एकदाच बोलल्या. दिवाळीच्या सुट्टीत मी पेपर तपासायला आले होते, ऑफिसात आम्ही दोघीच होतो आणि वीज गेली होती. शिपायानं चहा आणून दिला.

“मी आली तेव्हा मले आवक अन् जावक यातला फरक माहीत नव्हता,” त्या म्हणाल्या. “शिकवाले कोनी बसत नव्हतं. मंग त्यायनं लिवलेली रजिस्टरं काढली. पत्र कसं नोंदवाचं, उत्तर कुठी लावाचं, सगळं त्यायच्या अक्षरात होतं. तेच वाचून शिकली.” चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. “दिवसभर त्यायचं अक्षर वाचत बसो. लोक म्हणत, बाई रडत काऊन नाही? मले रडूच येत नव्हतं. मंग एक दिवस ते रजिस्टर भरलं. नवं काढलं. पयल्या पानावर माझं अक्षर. त्या दिवशी रडली.”

वीज आली. त्या उठल्या आणि संगणक चालू करायला गेल्या.

अमडापूरचे एक गृहस्थ आले होते, तो दिवस मी विसरू शकत नाही. निकालाचे दिवस होते, खिडकीवर गुणपत्रिका वाटणं चाललं होतं. मी हजेरीपटाच्या कामासाठी ऑफिसात बसले होते. पोरांच्या रांगेत एक साठीकडे झुकलेले गृहस्थ उभे होते, पांढरी टोपी, धुवून इस्त्री केलेला सदरा. नंबर आल्यावर त्यांनी एक ओळखपत्र आत सरकवलं.

“पोराचा निकाल घ्याचा होता.”

बाईंनी मान वर न करता नेहमीचं उत्तर दिलं. “त्यालेच पाठवा. सही त्याची लागते.”

“तो नाही येत आता,” ते म्हणाले.

बाईंनी ओळखपत्र वाचलं. वसतिगृहात राहणारा, शेवटच्या वर्षाचा हा मुलगा परीक्षा संपवून मोटारसायकलनं गावी जाताना अपघातात गेला होता. कॉलेजात शोकसभा झाली होती. बाई उठून उभ्या राहिल्या. प्राचार्य आले तरी त्या उठत नसत, हातातलं काम संपवून मगच वर पाहत. त्यांनी बाजूचं दार उघडलं, त्या गृहस्थांना आत आणलं आणि स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. माठातलं पाणी दिलं. गठ्ठ्यातून गुणपत्रिका काढली, आणि उभ्यानं, खिडकीपलीकडच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचली. आधी मुलाचं पूर्ण नाव. मग एकेक विषय आणि त्यापुढचे गुण. एकही गाळला नाही.

“निकाल, उत्तीर्ण. प्रथम श्रेणी.”

“म्हंजे पास?” वडिलांनी विचारलं.

“हाव. पयल्या वर्गात पास.”

ते बराच वेळ मान हलवत राहिले. मग म्हणाले, “हुशार होता. घरात कोनाले वाटत नव्हतं, पन होता.” गुणपत्रिकेकडं बघत त्यांनी विचारलं, “आता हा कागद कोनाले दाखवू, बाई?”

बाईंनी गुणपत्रिका प्लास्टिकच्या पाकिटात घातली, रजिस्टर पुढं केलं. ‘विद्यार्थ्याची सही’ या रकान्यात त्या गृहस्थांनी एकेक अक्षर जोडत आपलं नाव लिहिलं. बाई त्यांना फाटकापर्यंत सोडून आल्या. आल्यावर खिडकीची झडप लावली आणि खुर्चीवर बसल्या. मी जवळ गेले.

“ओळखपत्र हातात होतं माझ्या,” त्या म्हणाल्या. “म्या बोलाच्या आधी नाव वाचाले पाह्यजे होतं, मॅडम.”

पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं, विद्यार्थ्याची सही का नाही म्हणून. बाईंनी समासात लिहून दिलं, ‘वडिलांना दिले.’ त्याखाली आपली सही केली.

अशा बाईंच्या हातून शाहीनचा फॉर्म राहिला.

शाहीन देऊळघाटची. वडील गाद्या-रजया भरून देतात. घरातली कॉलेजात आलेली पहिली मुलगी. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची, मराठीत लिहायची तर इतकं नेटकं की मी तिचे पेपर दुसऱ्यांना दाखवायची. बी.ए. संपवून बी.एड. करायचं, शिक्षिका व्हायचं, एवढं तिचं पक्कं होतं. बी.एड.ची प्रवेश परीक्षाही तिनं दिलेली होती.

परीक्षेचे फॉर्म आता ऑनलाइन असतात. मुलं फॉर्म भरतात, छापील प्रत ऑफिसात देतात, मग ऑफिसनं कॉलेजच्या लॉगिनमधून एकेक फॉर्म मान्य करायचा. मान्य केला नाही तर विद्यापीठाच्या लेखी तो फॉर्म आलेलाच नसतो. त्या वर्षी शेवटच्या दिवशी दुपारभर वीज नव्हती. वीज आली तेव्हा सत्तरेक फॉर्म बाकी होते. बाईंनी संध्याकाळपर्यंत बसून ते केले. वर्गात शेख शाहीन नावाच्या दोन मुली होत्या. फरक फक्त वडिलांच्या नावाचा. यादीत एक शेख शाहीन मान्य झालेली दिसली, बाईंनी दोन्ही प्रतींवर बरोबरची खूण केली आणि फाइल बंद केली.

हॉल तिकिटं आली, त्यात देऊळघाटच्या शाहीनचं नव्हतं. परीक्षेला पाच दिवस होते.

प्रभारी प्राचार्यांनी बाईंना बोलावलं. बोलणं बाईंनी नंतर मला सांगितलं तसं लिहिते. प्राचार्य म्हणाले, “मुलीनं फॉर्म दिलाच नाही, असं लिहा. पोचपावती आहे का तिच्याजवळ?”

पोचपावती नव्हती. ती देण्याची पद्धतच नव्हती. शाहीननं फॉर्म दिल्याचा जगातला एकमेव पुरावा म्हणजे तिची छापील प्रत, आणि ती बाईंच्या कपाटात होती. बाई ऑफिसात आल्या, कपाट उघडलं, प्रत काढली आणि नेऊन प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली.

“फॉर्म वेळेत आहे, सर. मी मान्य केला नाही.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या विद्यापीठात गेल्या. एसटीनं पाच तास जायला, पाच यायला. तिथल्या टेबलावर त्यांच्यासारखाच एक लिपिक होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, तुम्ही जुन्या आहात. पोर्टल बंद झाल्यावर काही होत नाही, हे तुम्हाला सांगावं लागते का?” तिसऱ्या दिवशी दुपारी त्या स्टाफरूमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना तिथं पहिल्यांदाच पाहत होते.

“मॅडम, देऊळघाटले जाऊन राह्यली. तुम्ही येता का संगं?” मग म्हणाल्या, “एकटीनं जाले पाय उचलत नाही.”

शाहीनच्या वडिलांचं दुकान घराला लागूनच होतं. त्यांच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले. आम्हाला पाहून ते गडबडले. “आओ मॅडम, बैठो. आप लोग खुद आए?” शाहीन आतून आली. मला वाटतं, बाईंना पाहताच तिच्या डोळ्यांत आशा आली होती. हॉल तिकीट घेऊन आल्या असतील, असं तिला वाटलं असावं.

बाई बसल्या नाहीत. “चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “पोरीची नाही, हे पयले सांगतो. तिनं फॉर्म बरोबर भरला, टायमात देला. पुढचं काम माझं होतं, ते म्या केलं नाही. विद्यापीठात जाऊन आली. या खेपेले परीक्षा देता येत नाही. हिवाळ्यात देता येईल.”

शाहीनचे वडील ऐकत राहिले. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

“गलती हो जाती, मॅडम. मेरे से भी होती,” ते म्हणाले. “लेकिन इसके बड़े अब्बा को मैंने एक साल का बोला था. रिश्ता आया है, एक साल रुको, बच्ची का बी.ए. होने दो. बड़ी मुश्किल से माने. अब और छे महीने किस मुँह से माँगूँ? मेरे पास देने को साल है किधर?”

बाई शाहीनकडं वळल्या. ती भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती.

“तुम्ही मला वडिलांचं नाव वाचायला लावलं होतं, मॅडम,” ती म्हणाली. “मी तीनदा वाचलं होतं.”

“हाव,” बाई म्हणाल्या. “तू वाचलं होतं. म्या नाही वाचलं.”

शाहीनच्या आईनं चहा आणला. बाईंनी तो उभ्यानंच, पूर्ण प्यायला. परतीच्या एसटीत त्या बुलढाणा येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या.

आठवड्यानं त्यांना कारणे दाखवा नोटीस आली. उत्तर लिहून त्यांनी ते माझ्याकडं आणलं. “शुद्धलेखन पाहून द्या.” दोनच ओळी होत्या. विद्यार्थिनीचा फॉर्म मुदतीत प्राप्त झाला होता. तो मान्य करण्याचे माझ्याकडून राहिले, यात विद्यार्थिनीचा दोष नाही. मी पेन काढलं आणि मध्ये लिहिलं, ‘वीजपुरवठा खंडित असल्यामुळे व कामाच्या ताणामुळे.’ त्यांनी कागद घेतला, वाचला आणि मी लिहिलेल्या ओळीवर काट मारली.

“वीज सगळ्यायचीच गेली होती, मॅडम.”

सेवापुस्तकात नोंद झाली. वर्षभरात मुख्य लिपिकाची जागा निघाली, ती त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान माणसाला मिळाली. तेव्हापासून फॉर्म घेतला की बाई पोचपावती देऊ लागल्या. वहीच्या कागदाचे तुकडे फाडून, त्यावर तारीख, नाव, सही, शिक्का. कुणी सांगितलं नव्हतं. प्राचार्य चिडले, “उद्या हेच तुमच्या विरोधात वापरतील.” बाई म्हणाल्या, “त्याच्याचसाठी देऊन राह्यली.”

शाहीनचं लग्न हिवाळ्यापूर्वीच झालं, मेहकरकडं. हिवाळ्याच्या परीक्षेच्या वेळी बाईंनी तिच्या वडिलांना फोन केला. दुपारच्या सुट्टीत, खणातला मोबाईल घेऊन, कॉलेजच्या फाटकाबाहेर उभं राहून. सासरचे पाठवत नाहीत, असं उत्तर आलं. उन्हाळ्यात पुन्हा केला. तेव्हा ती आली. पोटुशी होती. बाईंनी तिचा फॉर्म घेतला, तिच्यासमोर मान्य केला, आणि संगणकाचा पडदा खिडकीकडं फिरवून तिला दाखवला. दोघी कामापुरतंच बोलल्या.

ती पास झाली, चांगल्या गुणांनी. गुणपत्रिका न्यायला नवरा आला, तर बाईंनी दिली नाही. “तिलेच पाठवा. सही तिची लागते.” तो कुरकुर करत गेला. मला ते बरं वाटलं नाही. तसं मी म्हणालेही, “अमडापूरच्या त्या वडिलांना तुम्ही दिली होती ना?”

“त्यायचं पोरगं येऊ शकत नव्हतं,” बाई म्हणाल्या. “ही येऊ शकते.”

महिन्याभरानं शाहीन बाळ घेऊन आली. सही केली, गुणपत्रिका घेतली. बाई बाजूच्या दारातून बाहेर आल्या, पोर्चमध्ये तिच्यासमोर उभ्या राहिल्या. मी वर्गावर निघाले होते, तिथंच थबकले.

“बी.एड.चं काय?” बाईंनी विचारलं.

“आता नाही होणार, मॅडम.” शाहीननं बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट केलं. मग म्हणाली, “मी विसरले नाही, मॅडम. पण आता राग नाही.”

“विसरू नको,” बाई म्हणाल्या. आणि त्या वळून आत गेल्या. खिडकीवर रांग होती.

त्यानंतर दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. शाल-नारळाचा कार्यक्रम झाला. भाषणांत ‘कर्तव्यदक्ष’ हा शब्द चार जणांनी वापरला. त्यांना बोलायचा आग्रह झाला तेव्हा त्या उठल्या, हात जोडले आणि बसल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सहा-सात महिन्यांनी. पेन्शनच्या कागदांत काही त्रुटी निघाली होती, आणि त्यासाठी ऑफिसचा एक दाखला हवा होता. मी पहिला तास संपवून पोर्चमध्ये आले तर त्या खिडकीच्या रांगेत उभ्या. प्रवेशाचे दिवस होते, रांग जिन्यापर्यंत गेलेली. वीसेक पोरांच्या मागं, हातात फाइल धरून त्या उभ्या होत्या. ऑफिसची जमीन बाहेरच्यापेक्षा वीतभर उंच आहे. इतकी वर्षं मी त्यांना बहुतेक वेळा खिडकीच्या आतच पाहिलं होतं. त्या इतक्या बुटक्या आहेत, हे त्या रांगेत पहिल्यांदा नजरेत भरलं.

“बाई, आत चला ना. रांगेत कशाला?” मी म्हणाले.

“आत माझं काय काम?” त्या म्हणाल्या. “नंबर येते. तुम्ही जा, तास असंल तुमचा.”

एक पोरगी फॉर्म घेऊन धावत आली. “मावशी, मी इथंच उभी होती, पेन आणायले गेली होती.” ती खरं बोलत होती की नाही, कोण जाणे. बाईंनी तिच्याकडं पाहिलं, एक पाऊल मागं सरकल्या आणि तिला जागा दिली. तिला त्या ओळखत नव्हत्या, आणि तिलाही त्या कोण हे माहीत नव्हतं.

उरलेले तास घेऊन मी परत आले तेव्हा खिडकीची झडप लागलेली होती. जेवणाची सुट्टी झाली होती. त्यांचा नंबर आलाच नव्हता. रांग पांगली होती, पोरं कँटीनकडं गेली होती. पोर्चमधल्या बाकावर बाई एकट्याच, फाइल मांडीवर घेऊन, झडपेकडं पाहत बसल्या होत्या. खिडकी अडीचला उघडणार होती.